स्ट्रॉबेरीची तोडणी ते गाडी: माल मार्केटला जाऊन पाणी सोडू नये म्हणून काय, कधी आणि कुठल्या क्रमानं करायचं

डिसेंबर लागला की तीच तक्रार सुरू होते. प्लॉटवर माल एक नंबर होता, पनेट (फळं भरायचा प्लास्टिकचा छोटा डबा) भरताना चकचकीत होता आणि वाशीच्या मार्केटला पेटी उघडली तर खालच्या थरात पाणी सुटलेलं, दोन-तीन फळांवर राखाडी बुरशी आणि आडत्यानं भाव पाडलेला. मग दोष व्हरायटीला, खताला नाहीतर ड्रायव्हरला. बहुतेक वेळा घोळ झालेला असतो तोडणीच्या आदल्या आठवड्यात आणि तोडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत, आणि तोही काही माहीत नसल्यामुळे नाही तर कामं उलटसुलट क्रमानं केल्यामुळे. लागवड कशी करायची, मदर प्लांट कुठून आणायचे ते इथे नाही. झाडावर फळ धरलंय, आता ते बाजारात धड कसं पोचवायचं तेवढंच लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. स्ट्रॉबेरी तोडल्यानंतर गोड होत नाही. आंबा, केळी, चिकू आढीत पिकतात तसं हिचं होत नाही. तोडल्यावर रंग थोडा गडद होतो, बाकी साखर झाडावर असताना जेवढी भरली तेवढीच. म्हणजे तोडल्यानंतर तुम्ही माल फक्त सांभाळू शकता, सुधारू शकत नाही. खालची प्रत्येक पायरी यावरच उभी आहे.

## १. आधी आपला भाग ओळखा, दुसऱ्याचं कॅलेंडर वापरू नका

यूट्यूबवर हरियाणातल्या हिसारकडचा व्हिडिओ बघून सुरगाण्यात तोडणी ठरवणारे लोक आहेत, म्हणून हे सगळ्यात आधी.

महाबळेश्वर-पाचगणीचं पठार साधारण १,३०० मीटर उंचीवर, तांबडी माती, रात्री गार. इथे थंडीत फळ सावकाश पिकतं, त्यामुळे साखर भरायला वेळ मिळतो आणि फळ टणक राहतं. रात्र गार असली की झाड दिवसा कमावलेली साखर रात्री कमी खर्च करतं, एवढं साधं कारण आहे. पण याच भागात दव प्रचंड, आणि वेण्णा लेक-लिंगमळा पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत काही पहाटे दवबिंदू चक्क गोठतात. तेव्हा इथली अडचण उन्हाची कमी, ओलाव्याची जास्त.

वाई आणि जावळीच्या खालच्या गावांत उंची कमी, दुपार तापते. फळ लवकर लाल होतं आणि लवकर मऊ पण होतं. वर पठारावर एक दिवसाआड तोडणी चालते म्हणून खाली पण तसंच करायला गेलात तर रोज थोडा माल जास्त पिकलेला निघणार.

नाशिकमध्ये सुरगाणा-कळवण आणि नंदुरबारमध्ये सातपुड्यात अक्कलकुव्याच्या डाबकडे आता चांगली लागवड आहे. थंडीत माल छान येतो, पण फेब्रुवारीत ऊन चढलं की खेळ पटकन बदलतो, फळ लहान आणि मऊ व्हायला लागतं. सुरगाण्याचा बराच माल सापुताऱ्याच्या रस्त्यावर थेट पर्यटकाला विकला जातो, म्हणजे तिथे टिकाऊपणापेक्षा चव महत्त्वाची आणि तोडणीची अवस्थाही वेगळी. हरियाणात मैदानी भाग, तिथलं धुकं आणि थंडीचं गणित वेगळं. काश्मीरात तर आपला हंगाम आटोपत आल्यावर तोडणीला सुरुवात होते. तिथली तारीख, तिथलं अंतर, तिथला स्प्रे, काहीच जसंच्या तसं उचलू नका.

सावधान: ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ या नावाला २०१० मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालापुरतं भौगोलिक मानांकन, मिळालंय. बाहेरच्या भागातल्या मालाच्या बॉक्सवर ते नाव छापून घेऊ नका, छापखानेवाला तयार डिझाइन देतो म्हणून तर अजिबात नाही. आपल्या गावाचं नाव छापा, माल चांगला असेल तर गिऱ्हाईक तेच नाव लक्षात ठेवतं.

## २. तोडणीच्या आधीचा आठवडा

बहुतेक लोक तोडणीचा विचार तोडणीच्या सकाळी करतात, तिथेच अर्धं काम बिघडतं.

फवारणीची वही सगळ्यात पहिली. प्रत्येक औषधाच्या लेबलवर शेवटची फवारणी आणि काढणी यात किती दिवस ठेवायचे ते लिहिलेलं असतं. स्ट्रॉबेरीत अडचण अशी की एकाच झाडावर फूल, हिरवं फळ आणि लाल फळ एकाच वेळी असतं, तोडा सतत चालू असतो, त्यामुळे ‘तोडणी संपल्यावर फवारू’ असं होतच नाही. म्हणून मोठा तोडा घेऊन प्लॉट मोकळा केला की लगेच फवारायचं आणि जास्त दिवस थांबावं लागणारी औषधं तोडा सुरू व्हायच्या आधीच वापरून संपवायची. हे फळ साल काढून खात नाहीत, लहान पोरं तर सरळ पनेटमधून उचलून तोंडात टाकतात. इथे तडजोड नको म्हणजे नको.

पाणी. वजन वाढावं म्हणून तोडणीच्या आदल्या संध्याकाळी ठिबक तासभर जास्त चालवणारे कमी नाहीत. त्यानं फळ फुगतं, साल ताणली जाते आणि गाडीत तेच फळ आधी फुटतं. उलट, टणक होईल म्हणून पाणी तोडलं तर झाड ताणावर जातं आणि पुढची फळं बारीक येतात. रोजचं थोडं थोडं पाणी एकसारखं ठेवा, तोडणीच्या दिवशीचं पाणी तोडून झाल्यावर द्या.

नत्र. पानं हिरवीगार, मोठी, लुसलुशीत दिसायला लागली की शेतकरी खूश होतो, पण हंगामात नत्र जास्त झालं की फळ मऊ पडतं आणि दाट पानांत हवा खेळत नाही म्हणून बुरशी वाढते. खालची जुनी, वाळकी पानं काढून प्लॉटबाहेर न्या.

सडकी फळं. हे तर हमखास चुकतं. सडकं फळ तोडून तिथेच दोन बेडच्या मधल्या पाटात फेकतात. राखाडी बुरशीचा कारखानाच तो, वारा आला की भुकटी उडून सगळ्या फुलांवर. वेगळी बादली ठेवा, भरली की बांधाच्या पलीकडे खड्ड्यात पुरा.

फळं वाकडीतिकडी, एका बाजूनं चेपलेली निघत असतील तर तोडणीच्या पद्धतीत काही शोधू नका. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे बारीक दाणे दिसतात त्यातल्या ज्या दाण्यापर्यंत पराग पोचला नाही त्याच्याभोवतीचा गर फुगतच नाही, म्हणून फळ त्या बाजूला बसतं. फुलांत फुलकिडे असतील, कडाक्याची थंडी असेल किंवा मधमाशा कमी असतील तर असं होतं. फुलोऱ्यात सकाळी मधमाशा कामाला असताना फवारू नका, संध्याकाळी फवारा. महाबळेश्वर तालुक्यात तर मधपाळ घराघरात आहेत, मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलंय. प्लॉटशेजारी सातेरी मधमाशांच्या पेट्या ठेवायला कोणी नाही म्हणणार नाही.

तपासा: तोडणीच्या दोन दिवस आधी प्लॉटच्या चारही कोपऱ्यांतून आणि मधून अशी दहाएक लाल फळं घ्या, पिळून एकत्र रस काढा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (रसाची गोडी मोजायचं साधन) बघा. नुसत्या टोकाचा रस घेऊ नका, टोकाकडे गोडी जास्त असते आणि देठाजवळच्या हिरव्या टोपीकडे कमी, आकडा फसवतो. ब्रिक्स, म्हणजे गोडीचा आकडा, ७ च्या खाली असेल तर तो माल टेबलवर खायला पाठवू नका, झाडावर अजून थोडं राहू द्या. ८ ते १० आला तर निश्चिंत.

## ३. गाडी आधी, तोडणी नंतर

हा क्रम पाळला तरी निम्मी नासाडी थांबेल. गाडी किती वाजता निघणार, कुठल्या मार्केटला जाणार आणि किती पेट्या घेणार हे आदल्या रात्री पक्कं करा आणि त्यावरून उलटं मोजत या. गाडी संध्याकाळी पाचला असेल आणि तुमच्याकडे कोल्ड रूम नसेल तर सकाळी आठला सगळा माल तोडून शेडमध्ये नऊ तास ठेवायला काहीच अर्थ नाही.

आदल्या रात्रीच काढून ठेवायच्या गोष्टी: उथळ ट्रे, क्रेट, पनेट, बॉक्स, वजनकाटा, हात धुवायला पाणी आणि साबण. बादली आणि खोल घमेलं तोडणीत आणायचंच नाही, खालच्या फळावर वरच्याचं वजन पडतं आणि ते तेव्हा दिसत नाही, दुसऱ्या दिवशी दिसतं. तोडणाऱ्यांची नखं कापलेली हवीत. रिकामी पनेट उन्हात ठेवू नका, तापलेल्या प्लास्टिकमध्ये गार फळ घातलं की आत वाफ धरते.

## ४. किती लाल तोडायचं ते मार्केटवरून ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे.

पर्यटकाला स्टॉलवर किंवा शेतावरच विकायचं असेल तर पूर्ण लाल, टोपीपर्यंत लाल, त्याच दिवशी तोडलेलं. इथे कच्चं विकण्याचं काही कारणच नाही, आणि तरी अर्धी पांढरी फळं क्रीममध्ये बुडवून दिली जातात. गिऱ्हाईक म्हणतं महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आंबट असते, आणि ते मत घेऊनच घाट उतरतं. फार वाईट वाटतं बघून.

पुण्याला रात्रीतून जायचं असेल तर टोपीखाली अगदी बारीक फिकट कड राहिलेलं फळ चालतं. मुंबईला, म्हणजे वाशीला, तीन चतुर्थांशापेक्षा जास्त लाल. विमानानं लांब जाणार असेल तर तीन चतुर्थांश. त्याच्या खाली कधीच नको. निम्मं पांढरं तोडलेलं फळ दोन दिवसांत लाल दिसेलही, पण खाणाऱ्याला ते आंबट आणि पाणचटच लागणार.

व्हरायटीप्रमाणे डोळा बदलावा लागतो. स्वीट चार्ली गोड पण नाजूक, तिला एक दिवस जास्त ठेवलं की संपलं. कामारोजा टणक, गडद, ती लांबच्या प्रवासाला सोसते, पण जास्त पिकली की काळपट पडते आणि गिऱ्हाईकाला शिळी वाटते. एका प्लॉटमध्ये दोन व्हरायटी असतील तर तोडणाऱ्यांना ‘लाल तोडा’ एवढंच सांगून चालत नाही. दोन्हींची दोन-दोन फळं हातात देऊन दाखवा, हे घ्यायचं आणि हे ठेवायचं.

सावधान: ऊन वाढलं की अवस्था तीच ठेवू नका. जानेवारीत एक दिवस थांबलेलं फळ तसंच असतं, मार्चमध्ये एका दिवसात मऊ होतं. फेब्रुवारीच्या मध्यापासून थोडं कमी लाल असतानाच आणि रोज तोडा.

## ५. तोडणी

वेळ कुठली? सगळे सांगतात पहाटे. अर्धवट बरोबर. पठारावर डिसेंबर-जानेवारीत पहाटे पानं आणि फळं दवानं ओली असतात, ओलं फळ पनेटमध्ये बंद केलं की राखाडी बुरशीला आमंत्रण. तिथे दव उडेपर्यंत थांबा आणि ऊन तापायच्या आत उरका. खालच्या गावांत आणि फेब्रुवारीनंतर सगळीकडेच दव कमी, तेव्हा मात्र उजाडताच सुरू करा. दहाच्या उन्हात तोडलेलं फळ आतून तापलेलं असतं आणि ती उष्णता काढायला पुढे कितीतरी जास्त वेळ लागतो.

हात कसा लावायचा: फळाला धरून ओढायचं नाही. देठ अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या मध्ये घ्या, नखानं दाबा आणि जरासं वळवून तोडा, फळाला साधारण एक सेंटीमीटर देठ आणि पूर्ण हिरवी टोपी राहिली पाहिजे. टोपी निघाली की तिथून रस सुटतो आणि ते फळ ताज्या मार्केटच्या कामाचं राहत नाही. देठ फार लांब ठेवला तर तो शेजारच्या फळात घुसतो. तळहातात दोन-तीनच फळं, मूठ भरेपर्यंत तोडत बसायचं नाही, आणि ट्रेमध्ये टाकायचं नाही, ठेवायचं. नवीन माणसाला हे शिकवताना त्याच्याच हातातलं एक फळ बाजूला ठेवा आणि दोन-तीन तासांनी त्याला दाखवा, बोटं जिथे दाबली गेली तिथे गडद ओलसर ठसा आलेला असतो. ते बघितल्यावर परत सांगावं लागत नाही.

तोडतानाच प्रतवारी करा. एकाच ट्रेचे दोन भाग, एकात मोठं एकसारखं, दुसऱ्यात मध्यम. बारीक, वाकडं, टोपी निघालेलं ते वेगळ्या क्रेटमध्ये प्रोसेसिंगला. सगळं एकत्र तोडून शेडमध्ये ओतून निवडायचं म्हणजे प्रत्येक फळाला तीनदा हात लागतो. आणि सडक्या फळाला हात लावलेला माणूस त्याच हातानं चांगलं फळ तोडत असेल तर सगळी मेहनत वाया, सडका माल काढायला वेगळं माणूस ठेवा, नाहीतर तोडणी संपल्यावर वेगळी फेरी मारा.

दव गोठलेल्या सकाळी: पानांवर पांढरा थर दिसला तर बर्फ पूर्ण वितळून पानं सुकेपर्यंत प्लॉटमध्ये हातच लावू नका. नंतर फुलं उघडून बघा, मधला पिवळा गोळा काळा पडला असेल तर त्या फुलाचं फळ होणार नाही. तेवढ्या फुलांचा माल पुढच्या महिनाभरात कमी धरून व्यापाऱ्याला आधीच सांगा.

अवकाळी पावसानंतर: दुसऱ्या दिवशीचा लाल माल पनेटमध्ये भरू नका, कितीही चांगला दिसू दे. तो प्रोसेसिंगला द्या, प्लॉटमधलं सगळं सडकं आणि अति पिकलेलं त्याच दिवशी बाहेर काढा आणि बेडवर अंथरलेल्या मल्चिंग पेपरवर साचलेलं पाणी झटका. पुढचा तोडा कोरड्या फळाचा घ्या. पावसानंतरचा माल ताज्या मार्केटला घालून एका खेपेत आडत्याचा विश्वास घालवलेली माणसं पुढे महिनाभर भाव परत मिळवत बसतात.

## ६. सावली आणि पॅकिंग

भरलेला ट्रे बांधावर उन्हात वाट बघत राहतो, हे दृश्य प्रत्येक गावात. ट्रे भरला की अर्ध्या तासाच्या आत सावलीत. एक माणूस फक्त ट्रे वाहायला ठेवा, तो पगार फुकट जात नाही. शेडला वरून सावली आणि बाजूनं वारा हवा, चारी बाजूंनी ताडपत्री लावलेली शेड म्हणजे भट्टी. ट्रेवर ओलं गोणपाट टाकू नका.

फळ धुवायचं नाही. मातीचा कण असला तरी नाही. पाणी लागलेली स्ट्रॉबेरी टिकत नाही, धुणं हे खाणाऱ्याचं काम, खायच्या आधी.

पनेट साधारण २०० ग्रॅमचं. खालच्या थराला जे फळ तेच वरच्या थराला, खाली बारीक लपवून वर मोठं लावायची सवय सोडा, आडत्या पनेट उलटं करूनच बघतो. झाकण लावताना फळावर दाब आला तर एक फळ काढा. उलट फार सैल भरलं तर घाटात फळं एकमेकांवर आपटतात. झाकण लावून पनेट हळूच कलतं करा, फळं जराशी सरकली पण उड्या मारल्या नाहीत म्हणजे बरोबर. प्रवासात वजन थोडं घटतं, म्हणून काट्यावर चार-पाच ग्रॅम वरच ठेवा. पनेटची हवेची भोकं स्टिकरनं झाकू नका, हे फार जण करतात.

## ७. गार करणं

तोडल्यापासून जितक्या लवकर गार कराल तितके दिवस मिळतात. तासाभरात प्री-कूलिंगला, म्हणजे गाडीत भरायच्या आधी गार करायला, गेलं तर उत्तम. ० ते १ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मिळाली तर चांगलं फळ आठवडाभर धड राहतं, तेच २० अंशांवर एक-दोन दिवसांत उतरतं.

इथे दोन चुका. पहिली, रेफर (शीतगृहवाली) गाडी माल गार करेल असं समजणं. ती गाडी गार माल गार ठेवते, गरम माल भरला तर मधल्या पेट्या वाशीपर्यंत गरमच राहतात. दुसरी, कोल्ड रूममधून काढलेला माल उघड्या पिकअपमध्ये दुपारी भरणं. गार फळावर हवेतलं पाणी धरतं, पनेटला आतून घाम येतो आणि हा माल लवकर सडतो. एकदा गार केलं की शेवटपर्यंत गार, ते जमणार नसेल तर गार करूच नका. कोल्ड रूम नसलेल्यानं सावली, वारा आणि रात्रीचा प्रवास या तिघांवर भर द्यावा, तोडणी गाडीच्या वेळेच्या जवळ आणावी आणि पुण्यापलीकडच्या मार्केटचा मोह थंडीच्या महिन्यांपुरताच ठेवावा.

तपासा: साधा खुपसायचा थर्मामीटर घ्या. मधल्या पेटीतल्या एका फळात टोचून बघा. खोलीच्या भिंतीवरचा आकडा खोलीचा असतो, फळाचा नाही.

## ८. भरणं आणि प्रवास

पेट्या एकमेकांवर नीट कोपऱ्याला कोपरा जुळवून, मध्ये हवेला जागा आणि थर दोरीनं बांधलेले. पाचगणीहून वाईला उतरणाऱ्या पसरणी घाटाच्या वळणांवर वरची पेटी सरकली की खालच्या आठ पनेटांचं काय होतं ते सांगायला नको. वर जड काही नको, भाजीच्या गोण्या तर नकोच. चाकाच्या बरोबर वरच्या जागेला हादरा जास्त बसतो, तिथे प्रोसेसिंगचे क्रेट ठेवा.

प्रत्येक बॉक्सवर तोडणीची तारीख, व्हरायटी आणि प्लॉट नंबर. तक्रार आली तर नेमकं कुठल्या प्लॉटचं ते कळतं, नाहीतर सगळ्याच प्लॉटवर औषध मारत बसता.

## ९. एक पनेट घरी ठेवा

प्रत्येक तोड्यातलं एक पनेट, मुद्दाम निवडलेलं नाही, हाताला येईल ते, सावलीत घरातच ठेवायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी उघडून बघा. टोपीजवळ बुरशी दिसली तर तो रोग फुलोऱ्यापासून आत होता, म्हणजे फवारणी आणि स्वच्छतेकडे बघा. बाजूवर मऊ गडद ठसे असतील तर हाताळणी. खालच्या थरात पाणी असेल तर फळ जास्त पिकलेलं होतं किंवा दाबून भरलं. टोपी वाळली पण फळ ठीक असेल तर माल उन्हात नाहीतर कोरड्या वाऱ्यात जास्त वेळ राहिला. आडत्याशी फोनवर वाद घालायच्या आधी हे पनेट बघा.

## १०. हंगाम उतरताना

मार्चनंतर फळ बारीक व्हायला लागतं, निवडायची मजुरी भावापेक्षा जास्त जाते. तेव्हा हट्टानं पनेट भरत बसू नका, जाम-क्रश आणि फ्रोजनवाल्यांना द्या. पण तो माल म्हणजे उरलेला कचरा नाही, त्याचे नियम वेगळे आहेत: फळ टोपीपर्यंत पूर्ण लाल, हिरवी टोपी काढलेली, पांढरं आणि सडकं एकही नाही, क्रेट उथळ भरलेला. टोपी शेतात काढायची की कारखान्यावर ते आधी विचारून घ्या, कारण टोपी काढल्यापासून रस सुटायला लागतो. माल त्याच दिवशी कारखान्यावर पोचवा, रात्रभर शेडमध्ये राहिलेल्या क्रेटच्या तळाला रस साचतो, तिथे वजनही कापतात आणि भावही.